वरवंट्याचं बाळपण

कऱ्हाडात एक वरवंटा हसला. सादपाळण्याच्या दैनिक अहवालात तशी नोंद आहे, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांची. मात्र असं काहीही घडलेलं नाही, असं कंपनीनं लेखी कळवलंय. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरू आणि मुकाट्यानं बारशापासून सुरुवात करू.

बारशाला हेमांगीची मुलगी बारा दिवसांची होती आणि सादपाळणा एका दिवसाचा. हा पाळणा बाळाशी बोलायचा, तोही आईच्याच आवाजात. एक साद घालायची आणि थांबायचं. बाळानं हुं केलं, की तेच हुं त्याला परत द्यायचं. तान्ह्याची माया अशा देवाणघेवाणीतून जुळते, हे ओळखून तो बनवला होता. आत जे पहिलं वजन निजेल, तेच आपलं बाळ, एवढं तो कायमचं मनाशी धरायचा.

पहिलं वजन निजवलं हेमांगीच्या थोरल्या नणंदेनं, कुमुदवन्संनी. बारशाला पाळण्यात बाळाआधी वरवंटा, ही रीत म्हणजे रीत. त्यांनी वरवंट्याला टोपडं घातलं, तीट लावली, पाळण्याच्या खालून-वरून फिरवला आणि आत ठेवला.

"आलास का रे राजा?" पाळणा म्हणाला.

बायका खुदखुदल्या. मग खरं बाळ आत ठेवलं, तर पाळणा गप्प. हेमांगीच्या फोनवर निरोप आला: 'कृपया परकं मूल उचलावं.'

"अगं बाई, माणसं ओळखतो की हा!"

"वन्सं, दगड ओळखतो तो."

"होईल हळूहळू. माझ्या भावाला तुला ओळखायला वर्ष लागलं."

जुळलेली माया पुसायला तंत्रज्ञच घरी यावा लागे, आणि तो दोन महिन्यांनी मोकळा होणार होता. वरवंटा काढून घेतला तर पाळणा रिकामाच झुलत राही. रिकामा पाळणा हलणं वाईट, म्हणून वन्संनी वरवंटा पुन्हा आत ठेवला. घरातली चटणी मिक्सरवर गेली आणि बाळ गोधडीवर आलं.

हेमांगीची काळजी वेगळीच होती. मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. हेमांगी जमीन मोजणीच्या कचेरीत खिडकीवर अर्ज घ्यायची. आता ती रजेवर होती, पण जीभ कामावरच होती. "भूक लागली? शी केलीस? पोट दुखतंय? मग काय होतंय? बोल ना!" पाचव्या प्रश्नाला मुलगी भिंतीकडे तोंड फिरवायची.

"हिला मी नकोय, वन्सं."

"काहीतरीच! तान्ह्या पोराला नको म्हणता येतं का?"

"मान वळवता येते ना," हेमांगी म्हणाली.

असे सात आठवडे गेले. अहवालातल्या त्या दुपारी ऊन पडद्यातून गाळून येत होतं. ओव्याच्या धुरीचा निळसर धूर जमिनीपासून वीतभर उंचीवर तरंगत होता आणि खोली त्याच्यावर अलगद टेकल्यासारखी वाटत होती. वन्सं बसल्या जागी पेंगत होत्या.

"काय रे राजा?" पाळण्यानं विचारलं. मग तो थांबला.

थांबलाच. वरवंटा विचार करत होता. पाळण्याला घाई नव्हती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हो का? बरं," आणि पुन्हा थांबला.

आपला आवाज इतका वेळ गप्प राहू शकतो, हे हेमांगीला माहीतच नव्हतं.

ती मुलीशेजारी आडवी झाली. "काय गं?" म्हणाली आणि ओठ मिटले. दुसरा प्रश्न आला, तो गिळला. तिसराही गिळला. मुलीची नजर भिंतीवर होती. ती छतावर गेली, धुरात रेंगाळली आणि दोर सुटलेल्या होडीसारखी हळूहळू वाहत हेमांगीच्या तोंडाशी येऊन लागली.

"अ," मुलगी म्हणाली.

"अ," हेमांगीनं परत दिलं, आणि वाट पाहिली.

मुलगी हसली. अख्ख्या तोंडाचं बोळकं करून, हेमांगीकडेच बघत हसली.

फोन थरथरला. 'बाळ आज प्रथमच हसलं.' हेमांगीनं पाळण्यात डोकावलं. आत वरवंटा होता. टोपडं जरा तिरकं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात तंत्रज्ञ आला, इनामदार नावाचा. "भ्रम झालाय ताई यंत्राला. दहा मिनिटांत पुसतो. मग तुमच्याच मुलीला ओळखेल."

"तिला आता मी ओळखते. ह्याला राहू द्या."

"अहो, दगड हसतो का कधी?"

"दोन महिने वाट पाहिलीय का कुणी त्याची?"

इनामदारानं पाळण्यात वाकून पाहिलं. पाळण्याची साद घालून झाली होती आणि तो थांबला होता. नकळत इनामदारही थांबला. मग कान खाजवत म्हणाला, "लेखी द्या."

हेमांगीला तेवढंच हवं होतं. तिनं कागद ओढला.

'प्रति, विभागीय व्यवस्थापक. महोदय, सविनय सादर करण्यात येते की, सदर पाळण्यावर एका अपत्याच्या (पाषाण, वय अज्ञात) संगोपनाची जबाबदारी आहे. तरी उक्त वरवंटा सज्ञान होईपर्यंत पाळण्यास बालसंगोपन रजा मंजूर व्हावी, व रजेच्या कालावधीत त्याची स्मृती पुसण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'