निपाणीचं बदक

पहिल्यांदा तो सुनयनाला बदकासारखा ऐकू आला.

बेळगाव-निपाणीकडची हौशी रेडिओवाली मंडळी रोज सकाळी सातला हवेतच जमायची. कॅम्पातले रिटायर्ड सुभेदार रायाप्पा अण्णा सगळ्यांची हजेरी घ्यायचे. सांबऱ्याची सुनयना त्या दिवशी सेटपाशी बसली, तर — क्वॅक, क्वॅक! तिनं नॉब तसूभर फिरवला आणि बदकाचा एकदम माणूस झाला. तोही चांगला घोगऱ्या, गोड आवाजाचा.

"निपाणीहून श्रेयांस बोलतोय. ऐकायला येतंय का कुणाला?"

या हौशी रेडिओच्या पद्धतीत आवाजाच्या लहरीचा अर्धाच भाग पाठवतात, उरलेलं ऐकणाऱ्याच्या सेटनं भरून काढायचं. तिथं जरा चुकलं की माणसाचं बदक होतं.

"येतंय की," ती हसत म्हणाली. "पण तुमचा सेट सरकलाय."

"जुना हाय हो... सांभाळून घ्या."

तिनं वर्षभर सांभाळून घेतलं. रोज बदक यायचं, रोज ती नॉब फिरवायची. 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण गडी बोलायचा काय, तर हवामान आणि त्याच्या वखारीच्या गच्चीवर अँटेनाला लोंबकळणारी माकडं! शेवटी तिला बंगळूरला नोकरी लागली. तिथं खोलीवर ना सेट, ना अँटेना. निघायच्या आदल्या दिवशी सकाळच्या हजेरीत तिनं ते सांगून टाकलं... आणि तो काय म्हणतो म्हणून सेटला कान लावून बसली.

मग त्याचा आवाज आला — स्वच्छ, नॉबला हात न लावता!

"सेट दुरुस्त केलास?"

"दहा महिने झाले गं."

"मग रोज बदक का व्हायचास?"

"मुद्दाम सरकवायचो. बाकीचे कंटाळून सोडून द्यायचे. तू तेवढी नॉब फिरवत माझ्यापतोर यायचीस... लई बरं वाटायचं. सुनयना — बंगळूरला जा, पण माझ्याशी लगीन करशील का, एवढं सांगून जा."

रायाप्पा अण्णा खाकरले. "बोल गं पोरी. आमचा चहा निवायला लागलाय."

सुनयना कानापर्यंत लाल झाली. एवढी माणसं ऐकतायत, सरळ कसं बोलायचं? तिनं आपला नॉब हळूच सरकवला, माइक ओठांशी धरला आणि एकच गोष्ट तीनदा म्हणाली.

"आता हे कसलं बदक आलं रं?" अण्णा ओरडले. "काय म्हणतंय?"

नॉब फिरवायची पाळी आज निपाणीची होती. मग तोच घोगरा आवाज आनंदानं फुटला —

"व्हय म्हणतीया, अण्णा!"