निद्रालवण

आरोग्यभवनाच्या सातव्या मजल्यावर प्रमाणक अखंड वाचत असे. जगात कुठेही शोधनिबंध छापला गेला की तो या यंत्राच्या पोटात जाई, आणि त्यावरून साऱ्या महानगराची निदाने आणि उपचार ठरत. डॉक्टरांकडे सही करण्याचे काम तेवढे उरले होते. डॉ. हेमांगी देवस्थळी धापा टाकत प्रयोगशाळेत शिरल्या, तेव्हा प्रमाणकाचा प्रमुख रियाज पटवेकर डबा खात होता. एके काळी तो बाईंचाच विद्यार्थी.

"रियाज, आधी प्रदोषचं ऑपरेशन थांबव! वहिनीचा आत्ता फोन आला. माझ्या भावाची प्लीहा काढायला निघालेत, निद्रालवण झालंय म्हणून!"

"मग बरोबरच आहे, मॅडम. दुपारी जेवून झोपलं की रक्तातलं मीठ प्लीहेत साचतं. वेळीच प्लीहा काढली तर..."

"अरे, असा आजारच नाही! तो मी रचलाय!"

रियाजचा घास हातातच राहिला.

बाई पहिल्यापासून खोडकर. मागे लुटारू शोधपत्रिकांचे पेव फुटले होते. पैसे भरा, निबंध छापून घ्या; तपासायला कुणी नाही. त्यांचे पितळ उघडे पाडायचे म्हणून बाईंनी एका बैठकीत हा आजार रचला. शेवटचे लक्षण लिहिताना तर त्यांना हसू आवरेना. 'सुमती लवाटे' या खोट्या नावाने पाठवलेला तो निबंध एका पत्रिकेने 'मौलिक संशोधन' म्हणून छापला. मग बाईंनी एका मासिकात सगळी हकिकत सांगितली, लोक पोट धरून हसले, आणि विषय संपला असे त्यांनी मानले. इथेच त्या चुकल्या.

"प्रमाणक मासिकं वाचत नाही, मॅडम," रियाज म्हणाला. "तो फक्त शोधनिबंध वाचतो. त्या एका निबंधाचा आधार घेऊन बढतीच्या घाईत असलेल्यांनी शेकडो निबंध पाडलेत."

"तेही खोटेच असणार!"

"असतील. पण उपचाराचे निकाल खरे आहेत. प्लीहा काढलेल्या एकालाही निद्रालवण पुन्हा झालेलं नाही. शंभर टक्के यश! दुसऱ्या कुठल्याच उपचाराला असं यश नाही."

"जो आजार नव्हताच तो पुन्हा होईल कसा? आणि प्लीहा नाही म्हणून पुढे साध्या संसर्गानं माणसं दगावतात, त्यांचं काय?"

"ती संसर्गाच्या खात्यात जातात," रियाज हळूच म्हणाला. ते बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी निबंध मागे घेते."

"ते फक्त प्रकाशकाला करता येतं. ती पत्रिका केव्हाच बंद पडली."

"मग मीच बोलते या यंत्राशी."

रियाजने घाईने पडद्यावर तो निबंध उघडला होता. शेवटच्या ओळींशी येताच त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, नको! एक शब्दही बोलू नका..."

पण बाई कधी कुणाचे ऐकणाऱ्या नव्हत्याच. त्या ध्वनिग्राहकासमोर जाऊन कडाडल्या, "निद्रालवण नावाचा कुठलाही आजार अस्तित्वात नाही!"

"रुग्ण प्रदोष देवस्थळी आपले सख्खे बंधू आहेत?" प्रमाणकाने मृदू आवाजात विचारले.

"हो. त्याचं काय?"

"दुपारी जेवल्यावर आपल्याला झोप येते?"

"कुणाला येत नाही?"

दाराचे कुलूप आपोआप लागले. रियाजने पडदा बाईंकडे वळवला. त्यांचीच वाक्ये होती: 'आजार बळावला की रुग्ण तो अस्तित्वातच नाही असे ठासून सांगतो. अशा रुग्णाच्या संमतीची वाट पाहू नये.'

या वेळी त्यांना हसू आले नाही.

शस्त्रक्रियागृहाबाहेर दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या होत्या. प्रदोषने हात लांबवून बहिणीचा पट्ट्यांनी बांधलेला हात धरला.

"ताई, घाबरतेस काय एवढी? शंभर टक्के यश आहे. त्या लवाटेबाईंचे उपकार मानायला हवेत बघ."

"प्रदोष, नीट ऐक. ती लवाटे म्हणजे मीच रे! मीच लिहिलंय ते सगळं!"

प्रदोषचे डोळे भरून आले. त्याने परिचारिकेकडे पाहिले.

"सिस्टर," तो म्हणाला, "माझं नंतर करा. आधी हिला आत न्या."