लाल गोल कुठल्या कडेला?

"माझ्या वहीतलं पान मिहरानकाकांनीच फाडून समोरच्या खेळाडूला पोचवलं! ती युक्ती दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हती," म्हणत नाझेली रडायला लागली.

येरेवानच्या बुद्धिबळगृहात पाचला समिती बसणार होती. नाझेलीला नऊ वर्षं शिकवणाऱ्या मिहरानची नोकरी आणि अब्रू दोन्ही आज जाणार होती. निवृत्त वकील सातेनिक तपासाला आली होती. सोबत तिचा दीर बाग्रात, दातांचा डॉक्टर.

"पानावर काय होतं?" सातेनिकनं विचारलं.

"फ्रेंच बचाव, मावशी. पांढऱ्याची दोन प्यादी पटाच्या मध्यात रुतून बसतात, आणि माझा काळा उंट माझ्याच प्याद्यांमागं कोंडतो. त्याला बाहेर काढायची वाट होती. मध्ये ती दोन प्यादी, आणि उंट जिथून निघणार त्या उजव्या कडेला लाल गोल. बाकी काही नाही."

"आणि काल समोरची काय खेळली?"

"राजाकडची कड बंद करत बसली, दोन चाली फुकट! माझा उंट वजिराकडच्या कडेनं निघाला. डाव तहकूब आहे, सहाला पुढं."

"मग चोर गाढवच की!" बाग्रात म्हणाला.

"गाढव नाही. घाईत होता," सातेनिक म्हणाली.

मिहरान खण रिकामा करत होता. सातेनिकनं कागदावर पट काढायला सांगितला, तर त्यानं काळ्या सोंगट्या खाली काढल्या.

"उलटं काढलंत, काका!" बाग्रात हसला.

"काळ्यांकडून खेळायचं, तर काळ्यांकडूनच बघावं. नाझेलीलाही तसंच शिकवलंय."

बुद्धिबळाच्या मासिकासाठी पट रेखाटणाऱ्या खोरेनच्या टेबलावर कालच्या डावाआधी नाझेलीची वही अर्धा तास पडून होती. त्याने झरझर पट काढला, पांढऱ्या खाली.

"बावीस वर्षं असंच काढतोय. वहीला मी हात लावला नाही. मिहरानला विचारा. तो कसा माणूस आहे ते मला ठाऊक आहे, त्यानंच मला संघातून काढलं होतं!"

पाचला सातेनिकनं समितीपुढं कागद धरला. प्याद्यांचे दोन ठिपके, एक लाल गोल.

"फिरवते हं. मधली प्यादी पुन्हा त्याच घरांवर दिसतात, म्हणून कागद उलटा आहे हे कळतच नाही. पण गोल? काळ्या खाली धरल्या तर उजवी कड वजिराची, पांढऱ्या खाली धरल्या तर राजाची. मिहरानने फितुरी केली असती, तर खरी कड सांगितली असती. समोरचीला चुकीची कड कळली. सांगणाऱ्याला पट पांढऱ्यांकडूनच वाचायची सवय आहे. होय ना, खोरेन?"

खोरेनचा चेहरा पडला. "मला काढलं, आणि हिला डोक्यावर घेतलं," तो पुटपुटला.

नाझेली जिन्यात धावली. मिहरान पिशवी घेऊन उतरत होता.

"काका, मी तुमच्यावर आळ घेतला. मला तोंड दाखवायला जागा नाही."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "सहाचा डाव. सकाळपासून बसून सोडवलाय."

"एवढं बोलले, तरी?"

"आळ माझ्यावर होता, पोरी. उंटावर नव्हता ना?"

तिनं कागद उघडला. काळ्या सोंगट्या खाली होत्या.