वेगळी काढलेली

मेंढी वेगळी काढायची वेळ आली की त्या घरात कुणी आवाज करत नसे. इतर ठिकाणी शिट्ट्या वाजतात, आरडाओरडा होतो, काठ्या आपटतात. तिला तो सगळा अडाणीपणा वाटायचा. तिचं खरं काम कुत्री शिकवण्याचं, म्हणून आसपासचे शेतकरी तिला मास्तरीण म्हणत. पुढे नवराही चेष्टेने तेच म्हणायला लागला आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं.

तिची रीत अगदी साधी होती. कुंपणाच्या फळीवर हात टेकून कळपाकडे बघत राहायचं. काढायची मेंढी ठरली की आधी तिच्याकडे बघायचं, मग आपल्या कुत्रीकडे, ठिपकीकडे. बस्स, तेवढंच. काळी-पांढरी ठिपकी पोट जमिनीला लावत कळपात शिरायची, त्या एका मेंढीच्या आणि बाकीच्यांच्या मधोमध उभी राहायची आणि तिला एकटीला कडेच्या लहान कुंपणापर्यंत मागे मागे रेटत न्यायची. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसती बघायची. नवरा लहान कुंपणाचं फाटक उघडून त्याच्या आड उभा राहायचा, म्हणजे मेंढीला माणूस दिसून ती बुजू नये. मोठा मुलगा हात पसरून दुसरी वाट अडवायचा. धाकटी कडी घालायची आणि नीट बसली की नाही ते दोनदा ओढून बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटकाची गाडी यायची. उरलेला कळप तोवर मिटून एक झालेला असायचा आणि मान खाली घालून चरत असायचा.

ती कारणाशिवाय कुणाला काढत नसे, हे मात्र खरं. झिजलेले दात, सुकलेली कास, सडलेला खूर. तिची नजर चुकत नाही असं सगळे म्हणत, आणि तिलाही ते ऐकायला आवडत असे.

"माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघू नकोस गं बाई," सासूबाई जेवताना म्हणायच्या, "चारच दात उरलेत माझे."

सगळे खो खो हसायचे. टेबलाखाली ठिपकीही शेपटी आपटायची. कामावरची ठिपकी आणि घरातली ठिपकी ही जणू दोन वेगळी कुत्री होती. घरात ती धाकटीच्या अंथरुणात झोपायची, मोठ्याचे मोजे पळवायची आणि जेवणाची वेळ झाली की सगळ्यांना टाचांशी नाक लावून लावून स्वयंपाकघरात आणून बसवायची. चुलीपाशी म्हातारबा पडलेला असे. तो ठिपकीच्या आधीचा कुत्रा. त्या दोघांनी दोन वर्षं जोडीने काम केलं होतं. ठिपकी एकीला बाहेर काढत असताना म्हातारबा उरलेला कळप जागच्या जागी धरून ठेवायचा. आता त्याचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले होते, कानही गेल्यात जमा होते. वाटी तोंडाशी नेल्याशिवाय तो मान उचलत नसे.

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात पहिल्यांदा ते घडलं.

ती चुलीवरून बटाट्यांचं पातेलं घेऊन टेबलाकडे निघाली होती. चौघे बसलेले होते. ठिपकी टेबलाखालून बाहेर आली आणि तिच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, भाजेल," ती म्हणाली.

ठिपकी हलली नाही. डोकं खांद्यांच्या खाली, शेपटी खाली, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला.

"आज आईला जेवायला मिळणार नाही," मोठा म्हणाला, आणि सगळे हसले. तीही हसली. ठिपकीच्या अंगावरून पाय टाकून ती पुढे गेली. पातेलं टेबलावर ठेवून तिने मागे वळून बघितलं. तो उचललेला पाय तिनेच शिकवलेला होता.

दोन दिवसांनी जिन्यापाशी तेच झालं. मुलं वर गेली, नवरा मागोमाग गेला, आणि ठिपकी पायरीवर वळून उभी राहिली. मग अंगणात, सासूबाई उन्हात बसल्या होत्या आणि मुलं त्यांच्याभोवती खेळत होती तेव्हा. मग दाराशी, सगळे मिळून गाडीत बसायला निघाले होते तेव्हा. दर वेळी ठिपकी तिच्या आणि त्या चौघांच्या मधोमध यायची. कळपातल्या मेंढीकडे बघावं तशी बघायची.

"तुझीच चेली आहे," नवरा म्हणाला. "गुरूची विद्या गुरूला."

यावर मात्र तिला हसू आलं नाही. ठिपकी असं आपल्या मनाने कधी करत नव्हती. चार वर्षांत एकदाही नाही. कुणीतरी आधी मेंढीकडे आणि मग तिच्याकडे बघितल्याशिवाय ती कळपात पाऊलसुद्धा टाकत नसे.

म्हणजे कुणीतरी बघत होतं. तिच्या पाठीमागे, तिच्याच घरात.

ती वेडीबिडी नव्हती. तिने ठिपकीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते जाडसर, मितभाषी गृहस्थ. त्यांनी डोळ्यांत उजेड पाडून बघितला, दात बघितले, पाठीवर हात फिरवला.

"ठणठणीत आहे."

"मग ती अशी का करते?"

"सांगितल्याशिवाय करते का कधी?"

"नाही."

"मग सांगणाऱ्याला विचारा," असं म्हणून ते हात धुवायला गेले. तिला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

मग तिने जनावरं तपासावीत तसं घर तपासलं. नवरा बाजारात गेला त्या दिवशी ठिपकी कशी वागते ते बघितलं. ती तिच्या पायांशी लोळत होती. मुलं शाळेत गेल्यावर, घरात फक्त सासूबाई असताना बघितलं. काही नाही. फक्त मोठा, फक्त धाकटी, तरी काही नाही. दोघं असताना नाही, तिघं असतानाही नाही. चौघेच्या चौघे एका जागी आले आणि ती त्यांच्यापासून चार पावलांवर असली, की ठिपकी उठायची. मास्तरीण गर्रकन वळून बघायची. चौघांच्या माना खाली. कुणी जेवतंय, कुणी वहीत लिहितंय, सासूबाई विणताहेत.

एका दुपारी तिने नवऱ्याला गोठ्यामागे गाठलं. तो कुंपणाच्या तारा ताणत होता.

"खरं सांग. तू तिला काही शिकवलंस का?"

"कुणाला?"

"ठिपकीला. माझ्यावर सोडायला."

त्याने पक्कड खाली ठेवली. "काय बोलतेस तू? बस म्हटलं तर ती माझ्यासमोर जांभई देते. मी काय शिकवणार तिला?"

"मग कोण?"

"तुला बरं वाटत नाहीये का?" त्याने खरोखरच्या काळजीने विचारलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला त्याचं खोटं ओळखता येत होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. तो खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी न्हाणीघराची कडी लावून ती आरशासमोर उभी राहिली. तिने ओठ वर करून दात बघितले. हात बघितले, टाचा बघितल्या. बेचाळीस वर्षांची धडधाकट बाई. पहाटे पाचला उठणारी, पन्नास किलोचं पोतं उचलणारी. या घरात कुणाचा ताप, कुणाची फी, कुणाचं दुखणं, सगळं तिच्याच अंगावर. मग काय दिसलं यांना? तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. परक्याने केलं असतं तर तिने चार शब्द सुनावले असते. हे तर तिच्या हातचं खाणारे लोक होते, आणि ते कुत्रं तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

तरीही संध्याकाळी तिने स्वयंपाक केला. दुसरं करणार तरी काय?

बाहेर अंधारून येत होतं, अजून पुरता काळोख नव्हता. धाकटीने दिवा लावला. सगळे जेवायला बसले. तिने वाढलं, आणि मीठ राहिलं म्हणून ती मोरीवरच्या फळीकडे वळली. मोरीच्या वर अंगणाकडची खिडकी होती. आत दिवा आणि बाहेर अंधारत आलेलं, त्यामुळे काचेत सगळं स्वयंपाकघर दिसत होतं. टेबल. चार माणसं. तिची रिकामी खुर्ची.

ती मिठाचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. वळली नाही.

काचेत चौघांनी एकदमच माना वर केल्या.

बोलणं थांबलं नव्हतं. मोठा गणिताच्या मास्तरांबद्दल काहीतरी सांगत होता, सासूबाई हं हं म्हणत होत्या. पण आठही डोळे तिच्या पाठीवर होते. त्यांत राग नव्हता, तिरस्कार नव्हता. ते शांत होते, नीट पारखणारे. त्या नजरेला कसलीही घाई नव्हती.

मग चौघांनी मिळून खाली, टेबलाखाली बघितलं.

ठिपकी बाहेर आली.

आणि चुलीपाशी काहीतरी हललं. म्हातारबा उठत होता. पाय थरथरत होते, पण तो उठला, नखं वाजवत टेबलापर्यंत गेला आणि त्या चौघांकडे तोंड करून बसला. पूर्वी कळप धरून ठेवायचा, तसाच. त्याला कुणाचीही नजर दिसणं शक्य नव्हतं.

ती वळली. या वेळी माना खाली गेल्या नाहीत.

"सांगा तरी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "काय बघितलंत माझ्यात? काय कमी पडलं?"

सासूबाईंनी नातवाच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

ठिपकी एक पाऊल पुढे आली.

तिला सगळं माहीत होतं. हे कुत्रं चावत नाही. याच्यावरून पाय टाकून पुढे जाता येतं. मागे हटलं की संपलं, हे तिनेच कित्येकांना शिकवलं होतं.

तिचा पाय मागे गेला. मग दुसरा गेला. त्या डोळ्यांपुढे तिला नाही म्हणता येईना.

नवरा उठून तिच्या बाजूने बाहेर गेला. जाताना त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. मोठाही मागोमाग गेला. धाकटीने दार धरून ठेवलं.

अंगणात बोचरी थंडी होती. ती उलट्या पावलांनी चालत होती. डाव्या हाताला मोठा हात पसरून उभा होता.

"अरे, मी आई आहे तुझी," ती म्हणाली.

त्याने हात थोडे आणखी पसरले.

पाठीशी फाटक लागलं नाही. ते उघडं होतं. त्याच्या आड कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. तंबाखूचा ओळखीचा वास आला.

ती आत गेली.

धाकटीने कडी घातली. दोनदा ओढून बघितली.

"शाब्बास, ठिपके," धाकटी म्हणाली. "चल, जेवू."

पावलं घराकडे गेली. दार लागलं. फाटकाला कडीखेरीज काही नव्हतं, आणि ती कडी बाहेर हात घालून कुणालाही उघडता आली असती. तिने हात वर केला, कडीपर्यंत नेला आणि तिथेच थांबली. उजेडाच्या खिडकीत टेबल दिसत होतं. त्यांनी खुर्च्या सरकवून घेतल्या होत्या. पाचव्या खुर्चीला जागा उरली नव्हती. चौघे मान खाली घालून जेवत होते.

शेवटी ती खाली बसली. त्या आठवड्यात एकही मेंढी काढलेली नव्हती, तरी खाली ताजा पेंढा पसरलेला होता, एकाच जिवाला पुरेल इतका. कोपऱ्यात पाण्याची बादली होती, काठोकाठ भरलेली. तिने हात बुडवून बघितला.

पाणी अजून कोमट होतं.