पांघरुणातलं शेवटचं प्रकरण

"चालतोय की हो!"

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने हे वाक्य तिसऱ्या खेपेला म्हटलं, तेव्हा तिला वाटलं, हा कॉम्प्युटर उचलावा आणि याच्याच डोक्यात घालावा. पण कॉम्प्युटर जड होता, आणि ती मुळात भांडणाऱ्यांतली नव्हती. ती नुसती ओठ चावत उभी राहिली. काउंटरवर कॉम्प्युटर शहाण्या बाळासारखा मंद घुमत होता. घरी हेच बाळ दिवसातून कितीदा तरी मान टाकायचं!

"घरी खरंच बंद पडतो," ती म्हणाली. "वाचता वाचता... मध्येच... फट्‌कन."

"वाचता वाचता?" शेजारून कुणीतरी विचारलं.

तिने वळून पाहिलं. गळ्यात काळ्या वायरचं वेटोळं, हातात एक तुटकी पिन, आणि ओठांचा एक कोपरा उगाच वर गेलेला – असा एक तरुण तिच्यामागे रांगेत उभा होता.

"म्हणजे माइकसमोर वाचता? मग मध्ये तो छोटा डबा असेल. ऑडिओ इंटरफेस. माइक त्याला आणि तो कॉम्प्युटरला जोडलेला. तो आणलाय का?"

"तो कशाला आणू? बिघडलाय कॉम्प्युटर."

"अहो, भांडण दोघांचं असेल, तर एकट्यालाच बोलावून कसं चालेल?"

दुकानदार खो खो हसला. तिला राग आला, आणि जास्त राग याचा आला की त्याचं म्हणणं तिला पटलं होतं.

तो मागच्याच रस्त्यावरच्या नाट्यगृहात साउंड सांभाळायचा. प्रयोग नसेल तेव्हा येऊन बघतो म्हणाला. "घरी कोण असतं?" त्याने विचारलं, आणि "आई" हे उत्तर मिळाल्यावर, "मग आधी आईंना विचारा आणि कळवा," असं म्हणून नंबर दिला. कॉम्प्युटरही त्यानेच उचलून रस्त्यापर्यंत आणून दिला. आईंना विचारा म्हणाला, हे तिला घरी पोचेपर्यंत आठवत राहिलं. का, ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

*

आता या कॉम्प्युटरसाठी तिचा जीव एवढा का टांगणीला लागला होता, ते सांगायला हवं. ती कितीतरी वर्षं एका मोठ्या दुकानात माइकवर बोलायची. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावं!" आणि एकाही ग्राहकाने कधी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस साबण घ्यायला आलेल्या एका प्रकाशन संस्थेच्या बाई टोपली तशीच टाकून तिला शोधत आल्या. त्यांनी तिला ऐकण्याच्या पुस्तकासाठी एक कादंबरी वाचायला दिली. आयुष्यात पहिल्यांदा लोक मुद्दाम बसून तिचं बोलणं ऐकणार होते. या विचारानेच ती हरखून गेली होती.

सगळी प्रकरणं वाचून झाली आणि घोडं अडलं ते शेवटच्यावर. थंडी पडायला आणि शेवटचं प्रकरण यायला एकच गाठ पडली. दर वेळी ऐन रंगात कॉम्प्युटर बंद, आणि वाचलेलं सगळं पाण्यात. शेवटी बाईंनी निर्वाणीचा फोन केला. "शुक्रवार संध्याकाळ ही शेवटची मुदत हं. नाहीतर सगळं पुस्तकच दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल. माझाही नाइलाज आहे गं."

आणि एक गोष्ट तिने सगळ्यांपासून लपवली होती. "घरी स्टुडिओ आहे ना?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती बेधडक "आहे" म्हणाली होती. तो स्टुडिओ म्हणजे तिच्या खोलीतलं टेबल, आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावरून घ्यायचं एक जाडजूड, केसाळ पांघरूण. लहानपणापासूनचं. त्यावर पिवळी बदकं होती.

*

साउंडवाला पहिल्यांदा आला, तेव्हा पांघरूण पलंगाखाली कोंबलेलं होतं.

"इथे बसून वाचता?" त्याने खुर्चीकडे पाहून विचारलं.

"हो. इथेच," ती म्हणाली आणि बदकाची एक चोच बाहेर डोकावत होती ती टाचेने आत ढकलली.

तिने पूर्वी वापरलेल्या दुसऱ्या एका डब्याचं जुनं सॉफ्टवेअर अजून आत ठाण मांडून बसलं होतं. ते त्याने काढून टाकलं, वायर बदलली आणि म्हणाला, "वाचा काहीतरी." तिने मधल्याच एका प्रकरणातलं नदीचं वर्णन वाचलं. तो डोळे मिटून ऐकत बसला. कॉम्प्युटर हूं की चूं न करता चालू राहिला.

"डोळे मिटून का ऐकता?"

"उघडे ठेवले तर..." तो अडखळला. "तर लक्ष दुसरीकडे जातं."

तिने घाईघाईने पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली, ते तिला कळलंही नाही.

तो गेला, तिने पांघरूण काढलं, आणि तासाभरात कॉम्प्युटरने पुन्हा मान टाकली.

दुसऱ्या खेपेला त्याने डबा कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला थेट जोडला आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगसुद्धा तपासलं. सगळं ठाकठीक. "कमाल आहे," तो कपाळ चोळत म्हणाला. "मी आलो की हा बरा होतो."

"काही काही माणसं आली की बरं वाटतं हो," आई दारातून चहा घेऊन येत म्हणाली.

"आई!"

"काय गं ठकू? मी कॉम्प्युटरचं म्हणतेय."

तो चहात साखर नसतानाही बराच वेळ चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "ते शेवटचं प्रकरण वाचून दाखवा ना. तिथेच अडतं म्हणता."

तिचं धाबं दणाणलं. त्या प्रकरणात नायिका मनातलं सगळं, अगदी सगळं, त्या माणसाला सांगून टाकते. ते याच्यासमोर वाचायचं? याच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर?

"नको... घसा बसलाय."

"आत्ता तर ठणठणीत होता."

"आत्ताच बसला," ती म्हणाली. तो हसला, आणि तिलाही हसू आवरेना. तो गेल्यावर घर जरा जास्तच शांत वाटलं. रेकॉर्डिंगला अशी शांतता फार चांगली, असं तिने स्वतःला बजावलं, पण त्या शांततेत तिचं मन काही लागेना.

*

शुक्रवार उजाडला. सकाळी कॉम्प्युटर दोनदा गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा ती पांघरुणातच रडली, आणि मग नाक पुसून पुन्हा वाचायला बसली. आईने दाराआडून ते ऐकलं आणि तिला न विचारता फोन लावला.

साउंडवाला धावतपळत आला. आईने बोट ओठावर ठेवून खोलीचं दार लोटलं. आत पाहिलं तर माणूस नाहीच! टेबलाशी पिवळ्या बदकांचा एक ढिगारा बसला होता आणि तो ढिगारा कुजबुजत होता,

"दारापर्यंत गेलास तर मी अडवणार नाही. पण एवढं ऐकून जा... मला तुझ्या येण्याची सवय नाही झालेली. सवय असती तर मोडता आली असती..."

तो दारातच खिळला. नायिकेचा आवाज आणखी बारीक झाला. तशी ढिगाऱ्यातून एक हात बाहेर आला आणि आवाज वाढवायला डब्याच्या बटणाकडे गेला.

टिक्.

बोट आणि डबा यांच्यामध्ये एक बारीकशी ठिणगी उडाली आणि स्क्रीन काळाठिक्कर पडला.

"मेल्या!" ढिगारा ओरडला.

"सापडलं!" साउंडवाला ओरडला.

ती किंचाळून पांघरुणाबाहेर आली. डोक्यावरचा केस न् केस ताठ उभा, नाक लाल. समोर तो. कुठे तोंड लपवावं कळेना, म्हणून ती पुन्हा पांघरुणात शिरली.

"अहो, बाहेर या! कॉम्प्युटर चांगलाय, डबाही चांगलाय!"

"मी नाही येणार."

"मग आतूनच ऐका. हवा आहे कोरडी. हे पांघरूण आहे खोट्या लोकरीचं. आत तुम्ही हलता, ते अंगाला घासतं, अंगात वीज साठते. बोट लोखंडाला लागलं की ती सुटते आणि वायरमधून थेट कॉम्प्युटरमध्ये. शेवटच्या प्रकरणात ती बाई कुजबुजते, म्हणून तिथेच सारखं बटणाला हात जातो."

आतून रडवेला आवाज आला. "म्हणजे दोष माझाच."

"दोष बदकांचा."

ती बाहेर आली. हसावं की रडावं अशा चेहऱ्याने.

"आधीच का नाही दाखवलंत हे?"

"कसं दाखवणार? तुम्ही एवढ्या मोठ्या नाट्यगृहातले. म्हणाल, आवाजाची मोठी हौस आणि स्टुडिओ काय, तर बदकं."

"मी माझं पहिलं रेकॉर्डिंग कपाटात बसून केलंय. हिवाळी कोटांच्या मधोमध. आणि ते इतकं वाईट झालं होतं, की बस्स." त्याने तिला उठवायला हात पुढे केला. दोघांच्या बोटांत पुन्हा टिक् झालं. "आई गं!" तो हात झाडत म्हणाला. "आधी हे पांघरूण बदला."

"नाही चालणार. सगळी प्रकरणं यातच वाचलीत. शेवटी आवाज बदलला तर कळेल."

तो साउंडवाला होता. त्याला यावर वाद घालता येईना. "हो... कळेल खरं. मग तुमच्या अंगात वीज साठूच द्यायची नाही. एक हात सारखा कॉम्प्युटरच्या लोखंडावर ठेवून बसा."

"एका हातात पुस्तक, एक बटणावर. तिसरा कुठून आणू?"

त्याने खिडकीकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं. "माझा... आहे ना," तो म्हणाला. "मी एक हात लोखंडावर ठेवतो आणि एकाने तुमचं मनगट धरतो. वीज माझ्यातून निघून जाईल. म्हणजे... चालत असेल तर."

तिने मनगट पुढे केलं.

पांघरुणाच्या आत अंधुक पिवळा उजेड होता. पुस्तकावर छोटा दिवा, समोर माइक, आणि बाहेरून आत आलेली ती ऊबदार बोटं. तिने वाचायला सुरुवात केली. पहिली काही वाक्यं अडखळली, कारण आपल्या नाडीचे ठोके त्याला मोजता येत असतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मग हळूहळू ते भय ओसरलं. हा माणूस ऐकतोय, आयुष्यभर ऐकण्याचंच काम करत आलाय, आणि आत्ता तो फक्त माझं ऐकतोय – असं तिच्या मनात आलं आणि आवाज आपोआप मोकळा झाला. नायिका कुजबुजली, तिने बटण फिरवलं, काही झालं नाही. नायिका रडली तेव्हा ती खरंच रडली. ती "थांब" हा शेवटचा शब्द म्हणाली, तेव्हा त्याची बोटं किंचित घट्ट झाली.

ती पांघरुणाबाहेर आली. तो डोळे मिटून बसला होता. पापण्या ओल्या होत्या.

"झालं," ती हळूच म्हणाली. "नाही पडला बंद."

"नाही पडला."

दोघांनी एकदमच स्क्रीनकडे पाहिलं. तिथे आवाजाची एकही रेघ नव्हती. काळे आकडे शून्यावर ढिम्म उभे होते.

"रेकॉर्डचं बटण...?"

"मला वाटलं, तुम्ही दाबलंत."

"मला वाटलं, तुम्ही!"

तिच्या पायाखालची जमीन सरकली. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. बाईंची संध्याकाळ दारात येऊन ठेपली होती. साउंडवाल्याने कपाळावर हात मारला. त्याचे कान लाल झाले होते. "इतकी वर्षं हे काम करतोय, असं कधी झालं नाही. थांबा, रडू नका. वेळ आहे अजून. हे घ्या, हा पट्टा मनगटाला बांधा, हा चिमटा लोखंडाला लावतो, म्हणजे तुम्हाला नीट..." आणि बोलता बोलता तो एकदम थांबला. बॅगेतून काढलेला पट्टा त्याच्या हातात लोंबकळत राहिला.

ती पट्ट्याकडे पाहत होती.

"हा वीज काढायचाच पट्टा आहे?"

"हो."

"मघाशीही बॅगेतच होता?"

"...होता."

"मग हात का धरलात?"

आता मात्र त्याला पळवाट उरली नाही. "कारण आज बिघाड सापडला," तो खाली बघत म्हणाला. "उद्यापासून इथे यायला मला काही निमित्त नाही. आणि मला यायचंय. बिघाड असो, नसो... तुमचं वाचणं ऐकायला, तुम्ही बोलाल ते ऐकायला... रोज. चुकलं असेल तर सांगा. पट्टा लावून देतो आणि बाहेर आईंजवळ बसतो."

तिच्या काळजात लख्ख ऊन पडल्यासारखं झालं. मघाचं सगळं वाचन वाया गेलं म्हणून रडू येत होतं, ते कुठल्या कुठे पळालं.

"आता वाचेन ते पुस्तकाचं," ती म्हणाली. "मघाचं कुठे साठवलेलं नाही, कुणी पुन्हा ऐकणार नाही. ते फक्त तुमच्यासाठी वाचलं मी. त्यातला शब्द न् शब्द."

"शब्द न् शब्द?"

"'थांब'सुद्धा."

तिने त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला आणि त्याच्याच बॅगेत टाकला. मग मनगट पुढे केलं, आणि या वेळी सगळ्याच्या आधी लाल बटण दाबलं.

*

प्रकरण वेळेत पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"अगं, काय वाचलंयस! मी ऑफिसात दार लावून रडले. पुढचं पुस्तकही तुलाच." मग त्या जरा घुटमळल्या. "फक्त एक आहे हं. अगदी शेवटी तू 'थांब' म्हणतेस ना, तिथे कान देऊन ऐकलं तर दोन माणसांचा श्वास ऐकू येतो. नवरा शेजारी बसला होता की काय?"

तिने खोलीच्या दारातून बाहेर पाहिलं. साउंडवाला आईशेजारी बसून शेंगा सोलत होता, आणि आई त्याला शेंगा कशा सोलतात ते शिकवत होती.

"अजून नवरा नाहीये," ती म्हणाली. "पण बसला होता."

"अस्सं! मग तो श्वास काढून टाकायला सांगू का?"

"नको बाई," ती म्हणाली. "राहू द्या."