आमच्या ह्यांचं झाड

त्या दिवशी आम्ही चौघं डोंगरात निघालो ते एका झाडासाठी! तोक्योजवळच्या ओकुतामाच्या रानात, कुठल्याशा घळीच्या माथ्यावर, मिझुनाराचं, म्हणजे आमच्याकडच्या ओकचं, एक म्हातारं झाड होतं आणि सप्टेंबर सरता सरता त्याच्या मुळाशी माइताके उगवायची. दुकानात पाकिटातून मिळते ती नव्हे, रानातली. ती सापडली की माणूस आनंदाने नाचतो, म्हणून तिचं नावच पडलंय नाचरी अळंबी. आणि जो नाचतो तो ते झाड कुणालाही सांगत नाही. भावाला नाही, पोराला नाही, बायकोला तर नाहीच नाही. आमच्याकडची रीतच आहे ती.

आमचे हे, म्हणजे गेन्साकु, रीत पाळण्यात एकदम पक्के. आमच्या लग्नापासून दर वर्षी एक पहाट अशी यायची की उठून बघावं तर शेजारचं अंथरूण रिकामं. संध्याकाळी हे चिखलाने माखून परत यायचे. पाठीवर टोपली आणि टोपलीत उशीएवढी अळंबी. "कुठे मिळाली हो?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "डोंगरात." बस्स! मी भात शिजवायचा, शेजारीपाजारी वाटायचा, ह्यांचं कौतुक ऐकायचं. मला अळंबीचं काय करायचंय? ह्यांनी मला सांगायला हवं होतं, एवढंच. एकदा तरी, सगळ्या जगाच्या आधी, मला.

म्हणून गेल्या वर्षी हे चहा पिता पिता सहज म्हणाले, "अगं किनुयो, यंदा झाडाकडे तूही चल," तेव्हा मी लोणच्याची बरणी हातात घेऊन तिथेच एक गिरकी घेतली. ती पुरी होते न होते तोच पुढचं वाक्य आलं.

"वाकुईला सांगितलंय. आणि उराबेबाईंनाही."

उराबेबाई! आमच्या डोंगर फिरणाऱ्या गटात त्या अलीकडेच आल्या. आधी शाळेत पोहायला शिकवायच्या. साठीला टेकल्या तरी चढावर गप्पा मारत जातात, दम म्हणून लागत नाही. आमचे हे त्यांना म्हणतात, "वा, उराबेबाई, काय पाय आहेत!" आणि मला? मला म्हणतात, "सावकाश, गुडघा सांभाळ." मेलं ते सांभाळणं!

तोक्योहून पहिल्या गाडीने शेवटच्या स्थानकावर उतरलो, तिथून बस, आणि बस वळली तिथून पायी. ह्यांनी अस्वलं दूर राहावीत म्हणून कमरेला अस्वलघंटा लावली, ती टणटण वाजू लागली आणि रांग लागली. आमच्या रांगेचाही एक नियम असतो. पुढे वाटाड्या. त्याच्या अगदी पाठोपाठ सगळ्यांत कच्चा गडी, म्हणजे वाटाड्याला त्याच्या बेताने चालता येतं. आणि सगळ्यांत शेवटी सगळ्यांत पक्का गडी, कारण कोणी पडलं-झडलं तर सावरायचं त्याने. कित्येक वर्षं शेवटची जागा माझी होती हो! आज ह्यांनी बोट दाखवलं, "किनुयो माझ्या मागे, मग वाकुई, शेवटी उराबेबाई." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"वहिनी, पुढे बसायला मिळालंय, तक्रार कसली करता?" वाकुई मागून म्हणाला. हा ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. पोस्टातून निवृत्त झाला, पण घरोघरच्या चौकश्या करायची सवय काही सुटलेली नाही.

"बसायला नाही भाऊजी, चालायला. आणि तुम्ही जरा कमी बोला, चढ येतोय."

सीडरच्या गर्द, सरळसोट झाडांतून वाट वर जात होती. खाली ओढा खळाळत होता. रात्रीच्या पावसाने सगळं रान निथळत होतं आणि उन्हाची तिरीप पडेल तिथे शेवाळं असं हिरवंगार दिसत होतं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथे बसूनच राहिले असते. त्या दिवशी माझे कान मात्र मागे लागले होते. बाई हसल्या की मी वळून बघायचे.

पहिलं संकट ओढ्यावर. ओंडक्यांचा पूल पुराने नेलेला! पाणी गुडघ्याच्या वर, आणि ओढ लागेल असं. ह्यांनी दोर पलीकडे नेऊन बांधला. मी दोर धरून पाण्यात उतरले. मध्यावर आले आणि पायाखालचा दगड फिरला! मी कमरेपर्यंत आत! गारठ्याने श्वासच अडकला. तेवढ्यात मागून एका हाताने माझी पाठपिशवी घट्ट धरली आणि मला उभं केलं. उराबेबाई! वाकुईला ओलांडून कधी आल्या देव जाणे.

"लागलं नाही ना, किनुयोताई?"

"नाही," मी म्हटलं. आभार मानायला हवे होते. मी तशीच दोर धरून पुढे निघाले.

दुसरं संकट दरडीचं. अख्खा उतार खाली घसरलेला, वाट पुसलेली, लाल मातीत उभ्या एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ताजे ओरखडे. आमचे हे थांबून वर बघत होते, कुठून जावं याचा अंदाज घेत. आणि शेवटून आवाज आला.

"डावीकडून वर गेलं तर बरं, नाही का? उजवीकडे माती सुटते. वर तो दुभंगलेला कातळ आहे, त्याच्या मागून निघता येतं."

मी गर्रकन वळले. तो कातळ खालून दिसत नव्हता. बघितल्याशिवाय कळणार कशी?

"तुम्ही आला होतात इथे?"

बाई ह्यांच्याकडे बघताहेत. आमचे हे बुटांकडे. अस्वलघंटासुद्धा वाजेना.

"अहो, मी विचारतेय! बाईंना आणलं होतंत तुम्ही झाडाकडे? मी जन्मभर तुमची चिखलाची पायताणं धुतली, आणि झाड दाखवलंत ते बाईंना?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

उराबेबाईंनी टोपी काढली आणि चक्क कमरेत वाकल्या. "त्यांनी नाही आणलं. गेल्या वर्षी मी चोरून त्यांच्या मागे आले होते. झाडापर्यंत. चूक माझी आहे."

वाकुईने तोंडात बोट घातलं. दुसऱ्याच्या अळंबीमागे चोरपावलांनी जाणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या घरात शिरण्यासारखं. हे खाली बघत म्हणाले, "मुळाशी मला त्यांच्या बुटांचे ठसे दिसले होते. मग मनात आलं, गुपित गेलं ते गेलं. आता झाड एकट्याचं कसलं? सगळ्यांनाच न्यावं."

ऐकून मला वाटलं होतं तसं हायसं काही झालं नाही. उलट जास्तच लागलं! म्हणजे मी आज या रानात उभी आहे ती ह्या बाईच्या कृपेने? तिने चोरी केली नसती तर मी घरी बसून भातच शिजवत राहिले असते? मला आता सगळ्यांचाच राग येत होता, बाईचा, ह्यांचा, आणि त्या मेल्या झाडाचा तर सगळ्यांत जास्त. ह्यांचं सगळं प्रेम जणू त्याच्या मुळाशी पुरलेलं.

"चला," मी म्हटलं, "आता आलेच आहे तर बघते काय एवढं सोनं लागलंय त्याला."

दरड आम्ही डावीकडूनच चढलो. हाताला येईल ते मूळ धरायचं, पाय रोवायचा, मग दुसरं मूळ. एकदा वाकुईच्या पायाखालून टोपलीएवढा दगड सुटला आणि खाली ओढ्यात पडल्याचा आवाज किती तरी वेळाने आला. कातळाच्या मागून वर निघालो आणि समोर ते उभं होतं! काय सांगू, रागात असूनही मी थबकले. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं खोड, त्यावर झेंडूच्या पाकळ्यांसारखे पिवळे शेवाळाचे ठिपके, आणि मुळाशी, पालापाचोळ्यातून डोकावणारी करडी-तपकिरी, पापुद्र्या-पापुद्र्यांची भलीमोठी माइताके!

आमचे हे बाजूला झाले. "जा किनुयो. तू पुढे जा."

आणि मी पाऊल उचललं, तेवढ्यात उराबेबाई! त्या वरच्या बाजूने कधीच पोचल्या होत्या. पाठपिशवी मुळाशी टेकवून, ओणव्या होऊन बघत होत्या. माझ्या आधी! माझ्या डोळ्यांसमोर!

मी ओरडणार, इतक्यात ऐकू आलं. कट्. कट् कट्. कट्.

"हलू नका!" हे दबक्या आवाजात म्हणाले. "गांधीलमाश्या!"

झाडाच्या पोकळ मुळात पोळं! अंगठ्याएवढ्या पिवळ्या माश्या एकेक करून बाहेर. बाईंची टोपी हातात, केस काळेभोर. पहिली माशी मानेवर. दुसरी कानामागे. बाई किंचाळून मागे सरकल्या, घसरल्या आणि गडगडत थेट आमच्या पायाशी! आम्ही त्यांना धरून कातळामागे ओढलं. मिनिटभरात चेहरा लालबुंद. ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"पूर्वी... एकदा... चावलीय," बाई कशाबशा म्हणाल्या. "पेन. पिशवीत."

बाईंच्या त्या इंजेक्शनच्या पेनाबद्दल गटात सगळ्यांना माहीत होतं. ते वेळेवर टोचलं नाही तर गळा बंद होतो. आणि पिशवी पोळ्याच्या शेजारी!

हे उठले. मी त्यांची बाही धरली. "काळं जाकीट घालून कुठे निघालात? काळ्यावरच झेपावतात त्या. भाऊजींचंही निळं आहे, गडद. माझा शर्ट पांढरा. मी जाते."

"वेडी आहेस का?"

"तुमच्या झाडाकडे मी पहिली जाणार होते ना? मग जाऊ द्या!"

मी पांढरा पंचा डोक्याला गुंडाळला आणि पालथी पडले. कोपरावर सरकत निघाले. हळू. आणखी हळू. डोक्यावरून घूं करत एक गेली. मी थांबले. नाकासमोर ओली माती, तोंडात माती. पुन्हा सरकले. पट्टा हाताला लागला. आणि पिशवीच्या अगदी लगत, माझ्या नाकापासून वितीवर, ती अळंबी! वास असा की आमच्या स्वयंपाकघरात कधीच आला नव्हता. दुसरा हात मोकळा होता. एक झटका दिला असता तर येत होती हो! पण झटक्याने मूळ हललं असतं. मी एका हाताने पिशवी छातीशी ओढली आणि जशी आले तशी उलटी सरकत निघाले. एकच चावली, पोटरीला. तापलेली सळई घुसावी तशी. दात आवळले, पण पाय झटकला नाही.

वाकुईने बाईंची मांडी धरली, मी पेन विजारीवरूनच दाबलं. टक् आवाज झाला. आम्ही बघत राहिलो. मग हळूहळू ती शिट्टी मंद झाली. बाईंनी डोळे उघडले.

"एवढ्याने भागणार नाही," हे म्हणाले. "दवाखान्यात न्यायलाच हवं. आणि इथे फोन लागत नाही."

"डोंगराच्या वरच्या धारेवर लागेल," मी म्हटलं. "तुम्ही दोघं हिला धरून बसा. पाय उंच ठेवा."

गुडघा? कुठला गुडघा! पोटरी ठणकत होती, मी रांगत, धडपडत, कारवीसारख्या दाट बांबूतून वाट काढत धारेवर पोचले. फोन उंच धरला. एक रेघ आली! आपत्कालीन नंबर लावला, ओढा सांगितला, दरड सांगितली, डावीकडून या म्हणून बजावलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "निघालोच." तेव्हा कुठे मी शेजारच्या झाडाला टेकून खाली बसले.

झाड मिझुनाराचं होतं. माझ्या हाताला काहीतरी थंड, पापुद्र्यांचं लागलं. मी खाली बघितलं. एक नाही, तीन! आमच्या ह्यांनी आजवर आणलेल्या सगळ्यांपेक्षा मोठ्या.

मी इकडेतिकडे बघितलं. मग पाला ओढून त्यांना नीट झाकलं आणि खाली उतरले.

सुटका पथकाने बाईंना स्ट्रेचरवरून नेलं. ह्यांच्या झाडाची अळंबी तिथेच राहिली, तिच्याकडे वळूनही कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. सुजलेल्या तोंडाने बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"किनुयोताई, काल धारेवरून उतरलात तेव्हा तुमचा चेहरा वेगळाच होता. सापडली ना?"

मी त्यांची चादर सारखी केली.

"मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आता कुणाच्या मागे जायची माझी हिंमत नाही." आणि खरंच, पुढे वर्षभरात त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही.

या सप्टेंबरात एका पहाटे मी अंथरुणातून हळूच उठले. संध्याकाळी पाठीवर टोपली घेऊन परत आले, चिखलाने माखून. आमचे हे दारातच उभे होते. टोपलीत बघितलं आणि जेवायला बसेपर्यंत त्यांना दम धरवेना.

"कुठे मिळाली?"

मी भात वाढला.

"लांब आहे का? नाही, म्हणजे एकटी गेलीस, गुडघा बिघडला असता तर? वाकुईला माहीत आहे?"

"भाऊजींना कशाला माहीत असेल?"

ह्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. दोन घास खाल्ले. मग पुन्हा, "एकटीच होतीस ना?"

"छे हो. उराबेबाई होत्या की. रांगेत शेवटची जागा माझी होती."

ह्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "मला नाही," हे म्हणाले, "आणि तिला दाखवलंस?"

मी त्यांच्या वाडग्यात अळंबीचा सगळ्यांत मोठा तुकडा घातला आणि म्हटलं, जेवा, गार होतंय.