लेडी हॅरियटच्या चाकाचा तुकडा

पंचेचाळिशी आली, तरी तन्मयला आईशी बोलायची रीत नाही. मंगळवारपासून गाडीची स्टेपनी बाल्कनीत, लतिकाबाईंच्या तुळशीला रेलून उभी. विचारलं तर म्हणे, "आई, प्लीज, आता नको."

आणि शुक्रवारी सकाळी त्यानेच अल नहदाचा फ्लॅट डोक्यावर घेतला.

'लेडी हॅरियट'च्या चाकाचा तुकडा चोरीला गेला होता. दीडशे वर्षांपूर्वीची ती लोखंडी आगबोट. दोन्ही अंगांना पाणी कापणारी चाकं, मुंबईहून इथे, आखातात टपाल आणायची. तन्मयचे खापरपणजोबा तिच्या भट्टीत कोळसा टाकत. तिचा इतिहास तो उद्या इथल्या मराठी मंडळात सांगणार होता. तुकडा त्याने मुंबईच्या भंगारवाल्याकडून आणलेला.

"वर्कशॉपमधल्या हनीफनेच विकला. सोमवारी साफ करायला दिला, परत आलाच नाही. त्याच्या मालकाला सांगितलंय. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर व्हिसा कॅन्सल. खलास!"

गुडघे दुखत होते. तरी लतिकाबाई सुनेच्या, शुभ्राच्या गाडीतून रास अल खोरच्या वर्कशॉपवर गेल्या. हनीफ बाहेर उन्हातच बसला होता.

"तुकडा कुठाय रे?"

"अम्मा, मंगल को साहब खुद ले गए."

"काही बोलला?"

"कुछ नहीं. जंग उतारा तो रिव्हेट के नीचे वेल्डिंग निकली. मैंने दिखाई. साहब का चेहरा उतर गया."

लतिकाबाईंचा नवरा माझगाव गोदीत बॉयलरवर होता. पुढे विचारायची गरज नव्हती.

घरी येऊन त्या टेकल्या. "शुभ्रा, उद्याची पोस्टरं उलगड."

बोट होती, नकाशा होता. तुकड्याचा फोटो नव्हता. बाईंना इंग्रजी येत नाही, चित्रं दिसतात.

"छापायला कधी दिलीस, तन्मय?"

"बुधवारी."

"चोरी कळली आज. मग बुधवारीच तुकड्याचा फोटो का वगळलास?"

तन्मय पोस्टर गुंडाळू लागला.

"मी सांगते. त्या काळच्या बोटी रिव्हेट ठोकून जोडायच्या, असलं वेल्डिंग तेव्हा नव्हतं. तुकडा खोटा, हे मंगळवारी तुला कळलं. मंडळात हसं होईल म्हणून लपवलास. गाडीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात. म्हणून ती माझ्या तुळशीपाशी. शुभ्रा, जा, बघून ये."

शुभ्रा पार्किंगमधून आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं लोखंड.

"आई, मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील सगळे..."

"तू विसरशील. तो गावी जाऊन पोरांना काय सांगेल? आत्ता फोन कर त्या मालकाला, माझ्यासमोर. उद्या हनीफला पहिल्या रांगेत बसव आणि माइक हातात घेऊन सांग, तुकडा खोटा होता आणि चोर मी होतो. फसलास त्याची लाज नाही मला, तन्मय. गरिबाला पुढे केलंस, त्याची आहे."